बांधावरची सुबाभूळ, शेवरी, गिरिपुष्प: केव्हा कापायची, किती उंचीवर, आणि कुणाला किती घालायची

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं हुक्केरी तालुक्यात दोन एकर रान, त्यात एक एकर ऊस. दावणीला दोन म्हशी, एक संकरित गाय, आणि दहा शेळ्या. दोन पावसाळ्यांपूर्वी बांधाच्या कडेनं सुबाभूळ, शेवरी आणि गिरिपुष्प मिळून तीनशे झाडं लावलीत. गेल्या मार्चमध्ये वैरण संपली तेव्हा सगळी एकदम बुडातून तोडून घातलीत. त्यानंतर शेवरी बरीचशी वाळली, सुबाभूळ फुटली पण बारीक, आणि गिरिपुष्पाला म्हशींनी तोंडसुद्धा लावलं नाही. त्यात शेजाऱ्यांनी सांगितलं की सुबाभळीनं जनावरांचे केस गळतात. आता सप्टेंबरात तुम्ही विचारताय की कापणी केव्हा करायची, किती उंचीवर, आणि कुणाला किती घालायची.

वेळेत विचारलंत. बांधावरच्या झाडांच्या बाबतीत वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय दसऱ्याच्या आसपास घ्यायचा असतो. एप्रिलमध्ये पाला मिळणार की नाही, हे ऑक्टोबरात तुम्ही काय आणि कसं कापता त्यावर ठरतं. मार्चमध्ये गोठा रिकामा झाल्यावर झाडाकडे गेलं की हातात जे येतं ते पुढच्या दोन वर्षांच्या वैरणीतून वजा होतं. तुमच्याकडे तेच झालंय.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात म्हशी आणि शेरडं सांभाळते, आणि बांधावरचा पाला माझ्या गोठ्यात बारमाही असतो. आमच्याकडे पाऊस जास्त, जमीन तांबडी. तुमच्याकडे तसं नाही. त्यामुळं खालचे आकडे तुमच्या रानात थोडे मागेपुढे होतील. कुठं होतील तेही त्या त्या ठिकाणी सांगते.

आधी एक हिशेब करू, कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी तोच आहे. दोन-तीन वर्षांचं, नीट जोपासलेलं झाड पावसाळ्यातल्या एका कापणीला पाला आणि कोवळ्या काड्या मिळून साधारण दीड किलो खाण्याजोगं देतं. उन्हाळ्यात त्याच्या निम्मंही अवघड. दोन कापण्यांत साठ दिवसांचं अंतर धरलं तर तीनशे झाडांतून साठ दिवसांत साडेचारशे किलो, म्हणजे दिवसाला सात-साडेसात किलो. तुमची गरज मोजा. मोठ्या जनावराला रोज पाच किलो धरला तर तिघांचा पंधरा, दहा शेळ्यांना किलोकिलोनं दहा, असा पंचवीस किलो लागतो. म्हणजे तुमची झाडं गरजेच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच आहेत, आणि ती सगळी जिवंत असती तेव्हाची ही गोष्ट. तुमची कापणी चुकली हे खरंच, पण तीनशे झाडांकडून हजार झाडांचं काम मागितलं जात होतं, हे त्याहून मोठं कारण.

या पाल्यानं पोट भरायचं नसतं. पोट कडब्यानं, वाड्यानं, गवतानं भरायचं. कडब्यात प्रथिनं असतात जेमतेम तीन-चार टक्के, उसाच्या वाड्यात पाच-सहा. सुबाभळीच्या, शेवरीच्या, गिरिपुष्पाच्या पाल्यात वाळल्या वजनावर वीस ते पंचवीस टक्के. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जे जिवाणू कडबा फोडतात त्यांनाही प्रथिनं लागतात. एकूण चाऱ्यात सात टक्क्यांच्या खाली गेलं की ते मंदावतात, आणि जनावर गव्हाणीत कडबा असूनही खाल्ल्यासारखं दिसत नाही. वाड्याच्या हंगामात आपल्या भागातल्या म्हशींचं दूध का उतरतं, त्याचं मोठं कारण हे. तिथं पाच किलो पाला जे काम करतो ते आणखी दोन पेंढ्या वाड्यानं होत नाही. म्हणून पाला थोडा, पण रोज, आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याला आधी. सध्या तुमच्याकडे जो पाला निघेल तो गाभण नसलेल्या, भर दुधातल्या जनावराला आणि पिलांना पाजणाऱ्या शेळ्यांना द्या. आटलेल्या म्हशीला कडबा, वाडं आणि खनिज मिश्रण पुरेल.

आता उंची. कापल्यावर नवा फुटवा दोन ठिकाणच्या जिवावर येतो. एक, बुंध्यात आणि मुळात साठवलेलं अन्न. दुसरं, मागे ठेवलेली पानं. जमिनीलगत तोडलं की बुंधा गेला आणि पानंही गेली. राहिली फक्त मुळं, आणि मार्चमध्ये त्यांना ओलही मिळत नाही. सुबाभूळ त्यातूनही उठते, कारण तिचं सोटमूळ खोल जातं आणि मोडक्या बुंध्यातून डिऱ्या (नवे फुटवे) काढायची तिची सवयच आहे. शेवरीला ती ताकद नाही.

सुबाभूळ गुडघ्याच्या वर, अडीच ते तीन फुटांवर कापा. पहिली कापणी झाड डोक्याएवढं होऊन बुंधा अंगठ्याहून जाड झाला की. कोरडवाहूत याला आठ महिने ते वर्ष जातं, पाण्याखाली सहा महिन्यांत होतं. पहिल्या कापणीची घाई केली तर झाड जन्मभर बुटकं राहतं. तीन फुटांवर कापलं की त्याच उंचीवर हळूहळू गाठाळ डोकं तयार होतं आणि दर वेळी त्यातून आठ-दहा फुटवे येतात. त्या डोक्याच्या खाली कधी कोयता लावू नका.

शेवरी सगळ्यात लवकर वाढते आणि सगळ्यात लवकर म्हातारी होते. चांगली जोपासली तर तीन-चार वर्षं. पानमळ्यात वेलाला आधार म्हणून ती लावणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत. ते कसं छाटतात ते एकदा बघा. वरचा शेंडा आणि बाजूच्या फांद्या काढतात, झाड बोडकं कधी करत नाहीत. वैरणीसाठीही तोच नियम. तीन फुटांवर शेंडा काढायचा आणि खालच्या दोन-तीन पानाळ फांद्या सोडून द्यायच्या. तेवढ्या पानांवर ती पुन्हा उभी राहते. तुमच्या वाळलेल्या शेवरीला बहुतेक हेच मिळालं नाही. हदगा लावायचा विचार असेल तर त्याला याहूनही जपा. त्याचं मुख्य खोड तोडायचंच नाही, बाजूच्या फांद्या घ्यायच्या. फुलांची भाजी मिळते ती वेगळीच.

गिरिपुष्प सोशीक आहे. तीन फुटांवर कापा, कुंपणाला असेल तर चार-साडेचार फुटांवर चालेल. त्याची साल सैल असते, बोथट विळ्यानं सोलून निघते आणि तिथून बुंधा कुजतो. धार लावलेला कोयता घ्या, फांदी डाव्या हातानं किंचित वाकवून खालून वर तिरका घाव घाला, म्हणजे पाणी ओघळून जातं. फांदी पिळून मोडायची नाही. आमच्याकडे कापणीच्या दिवशी पहिलं काम धार लावायचं. बायकामाणसांच्या मनगटालाही त्यानंच आराम मिळतो.

केव्हा कापायचं ते दिवस मोजून ठरवण्यापेक्षा फुटव्याकडे बघून ठरवा. फुटवा तीन-चार फुटांचा झाला, बुडाशी पेन्सिलीएवढा जाड झाला आणि वरचा निम्मा भाग हातानं सहज तुटतो, ही वेळ. पावसाळ्यात हे सहा ते आठ आठवड्यांत होतं, थंडीत दहा-बारा लागतात. त्याआधी कापलं तर पाला कोवळा दिसतो पण मुळातला साठा भरून यायच्या आत पुन्हा खर्च होतो, आणि सुबाभळीच्या कोवळ्या शेंड्यात तिचं विषही जास्त असतं. फार थांबलं तर लाकूड वाढतं, खालची पानं गळतात आणि शेंगा धरतात. सुबाभळीच्या शेंगा पिकून फुटू द्यायच्या नाहीत, हे मी फार कळकळीनं सांगते. एकदा बी पडलं की बांधावरून उसात, उसातून शेजाऱ्याच्या रानात आणि ओढ्याकाठी तिचं रान माजतं. खानापूरच्या बाजूला ज्यांचं शिवार जंगलाला लागून आहे त्यांनी तर फुलावर असतानाच कापावी.

आता वर्षाचा क्रम सांगते, आणि इथं मी जरा वेळ घेणार आहे.

जून ते सप्टेंबरात बांधावर, ओढ्याला, माळाला हिरवं गवत असतं. या दिवसांत झाडांवर भार टाकायची गरज नाही. एखादी हलकी कापणी ऑगस्टमध्ये, तीही झाडं जोमात असतील तरच. मग दसऱ्याची कापणी. परतीचा पाऊस चालू असतो, जमिनीत ओल असते आणि ऊनही तापायला लागतं. म्हणजे झाडाला फुटायला ओल मिळते आणि आपल्याला पाला वाळवायला ऊन. या वेळी कापलेलं गिरिपुष्प नवा पाला घेऊन जानेवारीपर्यंत हिरवं राहतं. जे दसऱ्याला कापलं नाही ते थंडीत पान टाकतं, आणि फेब्रुवारीत नुसत्या गुलाबी फुलांनी भरतं. दिसायला सुंदर, पण गोठ्याला उपयोग नाही.

पण सगळा बांध एकाच वेळी कापायचा नाही. तुमच्या बांधाचे तीन तुकडे करा. जो सगळ्यात कोरडा, माळाकडचा, तो दसऱ्याला कापा आणि जानेवारीत परत कापा. तिथं ओल टिकत नाही, त्यामुळं तिथला पाला आधी वापरून टाकायचा. मधला तुकडा दिवाळीच्या सुमारास कापा आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत हात लावू नका. तिसरा, उसाच्या पाटाकडचा, ज्याला ऊस भिजवताना आपोआप पाणी मिळतं, तो डिसेंबरात हलका छाटा आणि एप्रिल-मेत वळीव पडेपर्यंतच्या दिवसांसाठी राखा. गिरिपुष्प पहिल्या तुकड्यात असलेलं बरं, कारण ते पान आधी टाकतं. सुबाभूळ मधल्यात. शेवरी पाटाकडे, कारण तिला पाणी सोसतं, उलट कोरड सोसत नाही. पुढच्या वर्षी नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावताना, ही वाटणी डोक्यात ठेवा.

नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडे कारखाने चालू असतात आणि वाडं भरपूर. याच महिन्यांत लोक बांधावरच्या झाडांना विसरतात आणि दावणीला नुसतं वाडं टाकत राहतात. वाड्यात प्रथिनं कमी, वर त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. रोज थोडा पाला याच दिवसांत द्यायचा. म्हशीला वीस किलो वाड्याबरोबर चार-पाच किलो पाला कडबाकुट्टीतून एकत्र काढून बघा, आठ-पंधरा दिवसांत गव्हाणीतली उष्टावळ कमी होते.

एप्रिल-मेच्या वळिवानंतर झाडं झपाट्यानं कोंब टाकतात आणि हात शिवशिवतात. तेव्हा कापू नका. उन्हाळाभर खपलेल्या मुळांना तो पहिला फुटवा परत भरू द्या. मृग लागून गवत येईपर्यंत जे लागेल ते साठवलेल्या पाल्यातून.

साठवणीचा पाला म्हणजे दसऱ्याच्या कापणीतून वाळवलेला. सुबाभळीचं हे फार सोयीचं आहे. फांद्या ताडपत्रीवर पातळ पसरल्या की दोन दिवसांत पानं आपोआप सुटतात. काठीनं हलकं झोडपलं की काड्या वेगळ्या, पाला वेगळा. पहिला दिवस उन्हात, नंतर सावलीत. रंग हिरवा राहिला पाहिजे. पिवळा किंवा तपकिरी पडला तर अ जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्य गेलं समजा. मुठीत दाबल्यावर कुरकुरला की पोत्यात भरा आणि पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. चार किलो ओल्या पानाचा एक किलो वाळला पाला होतो. तुमच्या जिवंत झाडांतून निम्मी कापणी जरी वाळवलीत तरी वीस-पंचवीस किलो पदरात पडेल. दुभत्या एका जनावराला आंबवणात (भिजवलेल्या खुराकात) रोज किलोभर मिसळलात तर तीन-साडेतीन आठवडे पुरेल. वाळल्या पाल्यात प्रथिनं सरकी पेंडीच्या जवळपास असतात, पण पचनाला तो तिच्याइतका हलका नाही, म्हणून पेंड पूर्ण बंद करू नका. किलो पेंडीतली अर्धा किलो कमी करून बघा आणि दूध मापा.

आता केस गळण्याचं. शेजारी म्हणतात ते साफ खोटं नाही. सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यात आणि बियांत जास्त. घोडा, गाढव, ससा, डुक्कर, कोंबडी, अशा रवंथ न करणाऱ्या जनावरांना ते थेट बाधतं. अथणी-चिक्कोडीकडचे धनगर मेंढरांबरोबर घोडी घेऊन फिरतात. त्यांच्या घोडीनं सुबाभूळ खाल्ली की आयाळ आणि शेपूट झडते. कितीतरी गावांत ही भीती तिथूनच आली असावी. गाय, म्हैस, शेळीच्या पोटात मिमोसिन मोडतं, पण त्यातून तयार होणारं दुसरं द्रव्य गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला त्रास देतं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी हवाई बेटांवरच्या शेळ्यांच्या पोटातून हे द्रव्य नष्ट करणारे जिवाणू मिळवले आणि ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले. तिथली गुरं मग सुबाभूळ पचवू लागली. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. भारतातल्या जनावरांतही असे जिवाणू सापडले आहेत, आणि एका गोठ्यातली जनावरं एकत्र खाता-पिताना ते एकमेकांना देतात. त्यामुळं जिथं वर्षानुवर्षं सुबाभूळ घातली जाते तिथं त्रास क्वचित दिसतो. आठवडी बाजारातून नवीन आणलेल्या शेळीला मात्र ती सवय नसते.

म्हणून माझ्या गोठ्यातला नियम असा. एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत सुबाभूळ बिनधास्त, तिसऱ्या हिश्शाच्या वर कधीच नाही. नव्या जनावराला मूठभरापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत चढवत न्यायची. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण जनावराला आणि तीन महिन्यांखालच्या करडांना सुबाभूळ नको, त्यांना शेवरी द्या. शेपटीचा गोंडा विरळ होतोय, लाळ गळतेय, खाणं कमी झालंय, गळ्याखाली सूज दिसतेय, यातलं काहीही दिसलं तर सुबाभूळ त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. वेळेत बंद केली तर बहुतेक जनावर काही आठवड्यांत सावरतं. आणि सुबाभळीला दुसऱ्या पाल्याची जोड दिली तर हा प्रश्न उभाच राहत नाही. तीन जातींची झाडं लावलीत, हे तुम्ही फार चांगलं केलंत.

कोंबड्या पाळत असाल तर त्यांना शेवरीही घालू नका, विशेषतः पिलांना. घोड्याला गिरिपुष्पही नको.

गिरिपुष्प म्हशी का खात नाहीत? वासामुळं. ताज्या पाल्याला उग्र वास असतो आणि म्हैस नाकानं खाते. यावर उपाय आहे, फक्त चिकाटी लागते. आज संध्याकाळी कापा, रात्रभर पसरून ठेवा, उद्या सकाळी सुकलेला घाला. वास बराच उतरतो. सुरुवातीला कडबाकुट्टीत वाड्याबरोबर काढून, दहात एक भाग. वरून मिठाचं किंवा गुळाचं पाणी शिंपडा. सकाळच्या भुकेच्या वेळी पहिलं तेच ठेवा. आठवडाभरात बहुतेक म्हशी घेतात. शेळ्यांचं याहून सोपं असतं, कळपातली एक खायला लागली की बाकीच्या तिच्या तोंडातलं ओढतात. एवढं करूनही एखादी म्हैस घेतच नसेल तर तिच्यावर जबरदस्ती करू नका, तो पाला शेळ्यांना जाऊ द्या. दुभत्या जनावराला कोणताही उग्र वासाचा पाला धार काढल्यावरच द्यावा, धारेच्या आधी दिला तर दुधाला वास येतो आणि डेअरीत दूध परत येतं.

शेळ्यांना पाला गव्हाणीत किंवा जमिनीवर टाकायचा नाही. जुडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीला उलटी टांगा. तुडवलेला, मुतानं भिजलेला पाला शेळी खात नाही आणि जमिनीवरचं खाल्लं की जंत वाढतात. खाऊन उरलेल्या काड्या दोन-तीन दिवसांत वाळतात, चुलीला होतात. पण शेळ्यांना थेट बांधावर चरायला सोडू नका. त्या पानांबरोबर साल सोलतात आणि साल गेलेलं झाड मरतं.

एक गोष्ट मी सगळ्यांना बजावते. ज्यांचा ऊस आहे ते तणनाशक मारतात, निपाणीकडे तंबाखूवर कीटकनाशक मारतात, आणि वाऱ्यानं ते बांधावरच्या पाल्यावर येतं. आपण मारलं असेल तर आपल्याला ठाऊक असतं, शेजाऱ्यानं मारलं तर नसतं. म्हणून शेजाऱ्याला विचारून ठेवा. त्या बाजूचा बांध किमान तीन आठवडे सोडा आणि मध्ये एक चांगला पाऊस झाल्याशिवाय कापू नका. थंडी सरताना सुबाभळीच्या शेंड्यांवर बारीक उड्या मारणारे मावा-तुडतुड्यांसारखे कीटक दिसतात, पानं आकसतात. ती सुबाभळीची खास कीड आहे, भारतात १९८८च्या सुमारास आली. त्यावर फवारणी करू नका, पाला जनावरांना घालायचा आहे. शेंडे कापून टाका, पुढचा फुटवा बहुतेक वेळा स्वच्छ येतो.

आता तुमच्या सध्याच्या झाडांचं. बुडातून फुटलेल्या सुबाभळीला या दसऱ्यात कापू नका. जमिनीजवळून पाच-सहा बारीक फुटवे आले असतील, त्यातले दोन जाड ठेवून बाकीचे काढा आणि तेवढेच शेळ्यांना घाला. ठेवलेले दोन डोक्याएवढे झाले की जानेवारीत तीन फुटांवर पहिली कापणी. वाळलेली शेवरी उपटून टाका. गिरिपुष्प चांगलं असेल तर या वर्षीची दसऱ्याची कापणी त्याच्यापुरतीच करा. यंदा पाला कमी मिळेल हे धरून मार्चसाठी कडबा आत्ताच थोडा जास्त भरून ठेवा. 

नव्या लागवडीला तुमच्याकडे जागा आहे. दोन एकराच्या चारी बाजू मिळून बाराशे फुटांच्या आसपास होतात. सामाईक बांध सोडले तरी दीड-दीड फुटांवर आणखी दोन-तीनशे झाडं सहज बसतील. उसावर सावली पडेल ही भीती असते, पण तीन फुटांवर कापत राहिलं तर ती पडत नाही. जमीन बघून जात निवडा. काळी, चुनखडीची, निचऱ्याची असेल तर सुबाभूळ. पाण्यानं चोपण (खारवट, घट्ट) झालेली, पावसाळ्यात पाणी साचणारी असेल तर शेवरी. आमच्यासारख्या तांबड्या, आंबट जमिनीत आणि खानापूरच्या पावसात सुबाभूळ रडत राहते, तिथं गिरिपुष्पच. कृष्णेकाठच्या अथणी-रायबागच्या लोकांनी हे उलटं वाचावं. मोकळ्या जागेत दोन-तीन गुंठे दशरथ घास हा शेंगवर्गीय चाराही लावून बघा. त्याची पहिली कापणी तीन महिन्यांत येते, पुढे दर चाळीस-पन्नास दिवसांनी, आणि त्यात मिमोसिनचा प्रश्न नाही.

गिरिपुष्पाला बी शोधायची गरज नाही. कन्नड शेजाऱ्याकडे ‘गोब्बरद गिडा’ मागितलंत तरी मिळेल. मनगटापेक्षा बारीक, अंगठ्यापेक्षा जाड, तीन-चार फुटांच्या पक्व काड्या मे अखेरीस काढून सावलीत उभ्या ठेवा आणि मृगाच्या पहिल्या पावसात फूटभर खोल रोवा. सुबाभळीचं बी टणक असतं. पाणी उकळी यायच्या आधी, वाफ सुटू लागली की उतरवा, बी त्यात चार मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात टाका आणि रात्रभर भिजू द्या. नाहीतर निम्मं बी उगवतच नाही. चाऱ्याच्या जातींचं खात्रीचं बियाणं आणि सल्ला हवा असेल तर धारवाडला भारतीय गवताळ प्रदेश आणि चारा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तुमच्यापासून दिवसात जाऊन यायच्या अंतरावर. मार्च-एप्रिलमध्येच चौकशी करा, जूनमध्ये सगळेच मागायला येतात.

तुमच्या बांधाची दिशा, पाट कुठल्या बाजूला आहे आणि किती झाडं जिवंत आहेत, एवढं मोजून लिहा. तिन्ही तुकडे कुठून कुठपर्यंत करायचे ते मग नेमकं सांगता येईल.